सहा कैदी आणि एक उघडं दार

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी प्रत्येकाला वीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'मनात राहिलेली एक गोष्ट'. मी वकील. त्यामुळे मी सातबारा, वारसनोंद आणि मृत्युपत्र यांवर बोलेन अशी भीती सकाळी नाश्त्याच्या वेळीच दोघा-तिघांनी व्यक्त केली. ते प्रश्न जेवणानंतर विचारा, वर्गमित्रांकडून फी घेत नाही. आत्ता मी एका सिनेमाबद्दल बोलणार आहे. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, आणि माझ्याबरोबरच पाहिलाय.

आपण आठवीत होतो. शाळेच्या पटांगणात बांबूंना पांढरा पडदा बांधला होता. डावीकडे मुली, उजवीकडे मुलगे, मधे सतरंजीएवढी मोकळी जागा आणि त्या जागेत छडी घेतलेले सर. सिनेमा होता 'दो आँखें बारह हाथ'. आपलं हिंदी तेव्हा बेताचंच होतं. निम्मं कळलं, निम्मं शेजारणीला विचारलं. त्यातली प्रार्थना मात्र तोंडपाठ होती, कारण दर गुरुवारी आपण ती म्हणायचो. शब्द भरत व्यासांचे, चाल आपल्या कोकणातल्या वसंत देसाईंची, आवाज लताबाईंचा. ती प्रार्थना सहा खुनी माणसांसाठी लिहिली आहे, हे आपल्याला त्या दिवशी कळलं. माझ्या बाजूची मैत्रीण म्हणाली होती, "म्हणजे आपण गुरुवारी कैद्यांचं गाणं म्हणतो?" ती आज इथे आहे. तिला आठवतंय का विचारा.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण चाळीस वर्षांत बैलांची झुंज तेवढी लक्षात राहते आणि बाकीचं निसटतं. आदिनाथ नावाचा एक तरुण जेलर. त्याला वाटतं, माणूस कोंडून सुधारत नाही. तो वरिष्ठांकडे मागणी करतो की खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी माझ्या ताब्यात द्या, मी त्यांना उजाड माळावर नेतो, बेड्या न घालता. वरिष्ठ नाखुशीनं का होईना, परवानगी देतात. मग ते सहा जण आणि हा एक. दगड वेचायचे, जमीन फोडायची, पाणी आणायचं, भाजी पिकवायची. मधूनच खेळणी विकणारी चंपा, म्हणजे संध्याबाई, गाणी म्हणत येते आणि त्या रखरखीत माळावर जरा ओलावा येतो. ते पळून जायला निघतात, पण आदिनाथचे डोळे त्यांच्या मनातून हलत नाहीत आणि ते मागे फिरतात. भाजी बाजारात जाते, रास्त भावानं विकली जाते, त्यामुळे तिथल्या बड्या व्यापाऱ्याचं पोट दुखतं. तो गुंड घालतो. हे सहा जण, ज्यांनी एकेकाळी माणसं मारलीत, ते दिलेल्या शब्दासाठी मार खातात आणि हात उचलत नाहीत. शेवटी उभ्या पिकात बैल सोडले जातात. ते अडवताना आदिनाथ मरतो. कैद्यांची सुटका होते, पण ते तिथेच राहायचं ठरवतात.

१९५७ सालचा हा चित्रपट. व्ही. शांतारामांनी तो काढला आणि आदिनाथची भूमिकाही स्वतःच केली. बैलाच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्याला जबर इजा झाली. ज्या चित्रपटाच्या नावातच डोळे आहेत त्यात असं व्हावं, हा योगायोग लिहून काढला असता तर कुणी खरा मानला नसता. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. कथा होती ग. दि. माडगूळकरांची. म्हणजे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाजून नुकतंच संपलं होतं, आणि तोच माणूस सहा खुन्यांची गोष्ट लिहीत होता.

ही गोष्ट गदिमांना कुठे सापडली, हे मला वकिली सुरू केल्यावर कळलं, आणि तेव्हापासून ती माझ्या जास्तच जवळची झाली.

गदिमांचं माडगूळ गाव आटपाडी तालुक्यात. आज सांगली जिल्हा, तेव्हा औंध संस्थान. पाऊस नाही, बाभळी आहेत, मेंढरं आहेत, असा माणदेश. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची 'माणदेशी माणसं' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली आहेत. या संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे. बहात्तर गावांचं चिमुकलं संस्थान, पण राजाचं काळीज मोठं. १९३९ साली त्यांनी नवी राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. त्या कामात त्यांच्याबरोबर त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत होते, गांधीजींचा सल्ला होता, आणि एक पोलिश माणूस होता.

मॉरिस फ्रीडमन त्याचं नाव. वॉर्सॉतल्या ज्यू घरात जन्मलेला इंजिनिअर. बंगळूरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. पुढे गांधीजींकडे गेला, चरख्यात सुधारणा करत बसला, लोक त्याला भारतानंद म्हणू लागले. हाच माणूस म्हातारपणी मुंबईत खेतवाडीच्या निसर्गदत्त महाराजांपाशी बसला आणि त्यांची मराठी संभाषणं त्यानं इंग्रजीत आणून जगभर पोचवली. निसर्गदत्त महाराजांचा पूर्वी विड्यांचा धंदा होता. पोलंडचा इंजिनिअर, औंधचा राजा, खेतवाडीचा विडीवाला. आपल्या मराठी मुलखात कोण कुणाला कुठे भेटेल सांगता येत नाही.

तर या मंडळींनी औंधात ठरवलं की कैद्यांना भिंतीआड ठेवायचं नाही. आटपाडीजवळच्या माळावर वसाहत केली आणि तिला नाव दिलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला स्वतंत्रपूर! कैद्यांनी शेती करायची, बायकामुलांना घेऊन तिथेच राहायचं, पिकेल ते खायचं, उरेल ते विकायचं. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, राजा गेला, फ्रीडमन गेला, तरी स्वतंत्रपूर राहिलं. आज ते महाराष्ट्राच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे. पुढे राज्यात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहं झाली. पण सुरुवात त्या दुष्काळी माळावर, स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी.

आता माझं या सिनेमाशी एक भांडण आहे, ते सांगते. आमच्या वकिलीत ज्याच्यावर प्रेम असतं त्याचीच उलटतपासणी जास्त करावी लागते.

सिनेमात कैदी परत येतात ते डोळ्यांमुळे. आदिनाथचे डोळे पाठलाग करतात, पडदाभर मोठे होतात. आठवीत मला ते फार आवडलं होतं. आता वाटतं, हा प्रेमाचा धाक आहे, पण धाकच आहे. भिंत काढली आणि तिच्या जागी पहारेकरी मनात नेऊन बसवला. शिवाय तो पहारेकरी असा असामान्य की त्याच्यासारखा दुसरा मिळायचा नाही. मग आदिनाथ मेल्यावर काय? शांताराम मोठे कलावंत, त्यांनी त्याला मारलाच, आणि डोळे तेवढे मागे ठेवले.

स्वतंत्रपूरची खरी हकिकत पडद्यावर इतकी उठून दिसली नसती. तिथे माणूस पळाला नाही, कारण सकाळी म्हशीचं दूध काढायचं होतं, पोराला शाळेत सोडायचं होतं, ज्वारीला पाणी द्यायची पाळी होती. पळून जायचं तर हे सगळं टाकून जायचं. तुरुंगात माणसाकडे टाकून जाण्यासारखं काही नसतं. इथे त्याला ते दिलं. यात कुणी महात्मा लागत नाही. बरा कारकून, बरा अधीक्षक, थोडी जमीन, आणि कैद्याच्या बायकोला तिथे नांदू द्यायची परवानगी, एवढ्यावर भागतं. मला हे सिनेमापेक्षा जास्त आशेचं वाटतं, कारण महात्मे रोज मिळत नाहीत आणि बरे कारकून शोधले तर मिळतात.

आपल्या मुलांना तुरुंगाची गोष्ट म्हटली की 'शॉशँक रिडेम्प्शन' आठवतो. स्टीफन किंगच्या कथेवरचा, १९९४ सालचा. माझ्या मुलानं तो मला तीनदा दाखवला. फार सुंदर आहे. निरपराध माणूस, चिमुकली हातोडी, वर्षानुवर्षं भिंत पोखरणं, आणि एका रात्री पाऊस अंगावर घेत मोकळं होणं. पण ती निरपराध माणसाची गोष्ट आहे. त्याच्यासाठी आशा धरणं आपल्याला जड जात नाही. आपल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंतांनी एडनच्या तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उखडलं, हे आपण चौथीपासून अभिमानानं सांगतो. टिळकांचं मंडाले आणि साने गुरुजींचं नाशिक ही तर आपली तीर्थक्षेत्रं आहेत. मराठी माणसाला तुरुंगाचं वावडं नाही, आतला माणूस थोर असला म्हणजे झालं. गदिमांनी विचारलं ते वेगळं होतं. आतल्या माणसानं खरोखरच खून केला असेल तर?

हा प्रश्न मी रोजच्या कामात घेऊन हिंडते. आपण शाळेत होतो तेव्हा तळोजा म्हणजे एमआयडीसी आणि कारखान्यांचा वास. आता पनवेलबाहेर कुणाला तळोजा म्हटलं की तो म्हणतो, जेल. विधी सेवेच्या पॅनेलवर असल्यामुळे वकील न परवडणाऱ्या कैद्यांच्या केसेस माझ्याकडे येतात. त्यात शिक्षा झालेले थोडे, कच्चे कैदी फार. २०२२ सालच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांमधले तीन कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे.

त्यांच्या आशेला एकच नाव असतं, तारीख. "वकीलबाई, पुढची तारीख कधी?" तारीख लागली की माणूस दाढी करतो, घरी निरोप धाडतो, कुणाचा तरी बरा शर्ट मागून घेतो. तारीख पुढे गेली की दोन दिवस जेवत नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो, कधी? मला भीती वाटते ती तारीख विचारायची बंद झालेल्या माणसाची. तो फार शहाण्यासारखा वागतो. शांत असतो, नियम पाळतो, काही मागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, सुधारला. मी अशाच्या घरचा फोन नंबर आधी शोधते.

खोटी आशा मी देत नाही. 'सुटशील' असं म्हणत नाही. 'अमुक तारखेला मी कोर्टात उभी असेन' असं म्हणते आणि उभी असते. एवढं माझ्या हातात आहे.

आता जे सांगायचं ते सांगते. ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी मी घेतली आहे. त्यानं तीन अटी घातल्या: नाव नाही, गाव नाही, तुकडी नाही.

आपल्या वर्गातला एक जण सात वर्षांहून जास्त काळ आत होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. कारण पनवेल तालुक्यात कुणाला नवं नाही. जमिनी गेल्या, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, वाटणीचे कागद झाले आणि भाऊबंदकी पेटली. एका संध्याकाळी वाद वाढला, त्याच्या हातात काठी होती. समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. सदोष मनुष्यवध, दहा वर्षं. निकाल चुकीचा होता असं तोही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही.

मी एका कारागृहात कायद्याची माहिती द्यायला गेले होते. समोर दीडशे माणसं बसलेली. बोलून झाल्यावर मागून एक जण आला आणि म्हणाला, "परिपाठाला बातम्या तूच वाचायचीस ना?" मी चेहरा ओळखला नव्हता, त्यानं आवाज ओळखला होता. नंतर त्याला तो सिनेमा आठवतो का विचारलं. म्हणाला, "रीळ तुटलं तेव्हा शिट्टी मीच मारली होती. छडी दुसऱ्यानं खाल्ली." सर, चाळीस वर्षांनी गुन्हेगार सापडला, नोंद घ्यावी.

चांगल्या वर्तणुकीवर त्याची बदली खुल्या कारागृहात झाली. पहिल्या रात्रीची गोष्ट त्यानं सांगितली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरून कडी घातल्याचा आवाज आला नाही, म्हणून त्याला झोप येईना. इतकी वर्षं तो आवाज आला की दिवस संपायचा. मध्यरात्री तो उठला, दार घट्ट ओढून घेतलं, आतून कडी लावली आणि मग झोपला. सकाळी बाकीचे हसले. म्हणाले, नवीन आलेला प्रत्येक जण हेच करतो.

मी विचारलं, पळावंसं नाही वाटलं? "पहिले आठ दिवस रोज वाटलं. मग माझ्याकडे वांग्याची रोपं दिली लावायला. म्हटलं, फुलं येईपर्यंत थांबू."

"आणि फुलं आल्यावर?"

"मग कीड पडली. तशी कशी सोडून जाऊ?"

त्याला डोळेबिळे कुणाचे दिसले नाहीत. वांगी दिसली.

एक बाजू मात्र गदिमांच्या गोष्टीत येत नाही, ती इथे सांगायला हवी. सहा कैद्यांनी ज्यांना मारलं त्यांच्या घराकडे ती गोष्ट वळत नाही. आपल्या मित्राच्या गावात ते घर आहे, त्याच्या घरासमोरच. सुटल्यावर त्यानं त्या घरी पैसे पाठवले. ते परत आले. पुन्हा पाठवले, पुन्हा परत आले. मग त्यानं पाठवणं बंद केलं आणि गावही सोडलं, कारण रोज सकाळी आपलं तोंड त्या बाईला दिसू नये असं त्याला वाटलं. ती त्याला माफ करणार नाही. तिनं का करावं? तो सुधारला, तो कष्ट करतो, हे सगळं खरं असलं तरी तिचा माणूस परत येत नाही. तिच्याकडून काही मागायचा हक्क त्याला नाही, आणि त्याची बाजू मांडणाऱ्या मलाही नाही. तिचा राग ती मरेपर्यंत तिचा आहे.

पण आपला प्रश्न निराळा आहे. आपलं त्यानं काही बिघडवलेलं नाही. आपण त्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लंय, वडाळे तळ्याच्या काठावर त्याच्या सायकलवर डबलसीट शिकलोय. दोन वर्षांपूर्वी आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रूप निघाला तेव्हा कुणीतरी त्याचं नाव लिहिलं होतं, याला पण घ्या म्हणून. कुणी 'नको' म्हटलं नाही. कुणी 'हो' म्हटलं नाही. पाच मिनिटांनी एक सुप्रभातचं फूल आलं, मग एक गणपती, मग एक विनोद, आणि ते नाव वर सरकत गेलं. मी तो संवाद जपून ठेवलाय. पुरावा म्हणून नाही, सवय म्हणून.

कुणाला दोष देत नाही. आपल्या मुलामुलींची लग्नं ठरायची आहेत, धंदे आहेत, सोसायटीत नाव आहे. माणसाला आपल्या घराची काळजी असणारच. शिक्षा न्यायाधीश सुनावतात, ती कागदावर संपल्याची तारीख लिहिलेली असते. त्यानंतरची शिक्षा कुणी सुनावत नाही, म्हणून ती कधी संपते हेही कुणाला ठाऊक नसतं. कायद्यात तिच्याविरुद्ध अपील नाही. असतं तर मी इथे आले नसते, कोर्टात गेले असते.

या मेळाव्याच्या हिशोबात वर्गणीदारांची यादी आहे, स्मरणिकेत छापली जाणार आहे. तिच्यात शेवटून तिसरी ओळ अशी आहे: 'एक माजी विद्यार्थी, रुपये दोन हजार.' ते पैसे माझ्या हातून आलेत. शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करून मिळवलेले आहेत. पावती नको म्हणाला. खजिनदारांनी तरीही फाडली, ती माझ्या पर्समध्ये आहे.

आज तो कामावर आहे, पाच वाजता मोकळा होतो. मेळाव्याचा दिवस त्याला माहीत आहे. 'येऊ का' असं त्यानं विचारलं नाही, आणि 'ये' असं मी एकटीनं म्हटलेलं नाही, कारण हा मेळावा माझ्या एकटीचा नाही. ग्रूपचे ॲडमिन दुसऱ्या रांगेत, निळ्या शर्टात बसलेत. नंबर माझ्याकडे आहे. सगळ्यांचा एकत्र फोटो साडेसहाला आहे असं मघाशी सांगितलं गेलं, आणि तो इथून तासाभराच्या अंतरावर आहे.